मदत हवी आहे: ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ बाबांना कोणत्या आवृत्तीत दाखवू?

नमस्कार मंडळी. सर्जिओ लिओनेचा १९६८ चा हा सिनेमा माझा जीव की प्राण, पण घरात त्यावरून तट पडलेत. बाबा सुरुवातीलाच उठले. स्टेशनवर तिघे बंदूकवाले गाडीची वाट बघतायत, पवनचक्की करकरतेय, एकाच्या हॅटवर टपटप पाणी पडतंय, दुसऱ्याच्या तोंडावर माशी फिरतेय. "अरे, गाडी येणार कधी?" म्हणाले. मला तर तीच मिनिटं अख्ख्या सिनेमात सर्वांत भारी वाटतात! आईने शेवटपर्यंत पाहिला. पण हेन्री फोंडासारखा निळ्या डोळ्यांचा, सज्जन वाटणारा नट यात लहान पोरावर गोळी झाडतो, हे तिला अजून पचलेलं नाही. ताईला फक्त मॉरिकोनेचं संगीत आवडलं.

बाबा ‘शोले’चे भक्त. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडाची प्रेरणा इथली, हे कळल्यावर पुन्हा बसायला तयार झालेत. आता अमेरिकेत तेव्हा सुमारे २० मिनिटं कापून दाखवलेली आवृत्ती लावू, की पावणेतीन तासांची पूर्ण? माझं मन पूर्णकडेच आहे. हार्मोनिका (माउथ ऑर्गन) वाजवणाऱ्या नायकाचं रहस्य शेवटी उलगडतं, त्याआधी ते ताटकळणं हवंच. घरच्या मोठ्यांना हा सिनेमा कुणी दाखवलाय का? काय केलंत, प्लीज सांगा.