मदत हवी आहे: बॉडीच्या पाठीवरचे डाग, क्लू की चूक?
एका क्राइम सिरीयलमध्ये बॉडी पालथी सापडते पण जांभळट डाग सगळे पाठीवर, आणि डॉक्टर नुसतं हात लावून सांगतो की मृत्यू होऊन चार तास झालेत (हे लोक घड्याळच असतात). पॉज करकरून बघितलं, मेकअपचा घोळ वाटत नाही, शवागाराच्या सीनमध्येही डाग तिथेच. रक्त खाली साचून पडणारे हे डाग पक्के व्हायला साधारण 8 ते 12 तास लागतात असं वाचलंय, मग बॉडी नंतर उलटवली असं धरलं तरी हिशोब बसत नाही ना. विष, रक्तस्राव काही नाही, गळा दाबलाय. फॉरेन्सिकवाले कोणी असाल तर सांगा, तीनेक तासांनी उलटवलं तर डाग पूर्ण पोटाकडे सरकतात की दोन्हीकडे थोडे थोडे राहतात?