‘असायलम सीकर’ला मराठीत काय म्हणावे?

घोडबंदरकर: श्रीमंत देशांत आश्रय मागणाऱ्यांवरील एका लेखाचा अनुवाद करीत आहे. जर्मनीत १९९२ साली आलेल्या सुमारे ४,३८,००० अर्जांना मी ‘निर्वासितांचे अर्ज’ म्हटले, तेव्हा निकालापूर्वी कोणी निर्वासित ठरत नाही, असा आक्षेप घेऊन संपादकांनी ‘आश्रयार्थी’ सुचवले. हा शब्द मी कोणाच्या तोंडी ऐकलेला नाही.

वाशीचा वाचक: आक्षेप कायद्याला धरून नाही. १९५१ च्या जिनिव्हा कराराच्या रूढ अर्थाप्रमाणे छळाच्या भयाने देश सोडलेला मनुष्य आधीच निर्वासित असतो. सरकार ते नंतर केवळ मान्य करते.

नौपाडा_शब्दप्रेमी: ‘निर्वासित’ म्हणजे घालवून दिलेला. इदी अमीनने १९७२ मध्ये युगांडातून हाकललेले आशियाई निर्वासित खरे; सीरियातून जीव घेऊन निघालेल्याला तो शब्द कसा लागू होईल? हिंदी ‘शरणार्थी’ तर नकोच, कारण मराठीत शरण जातो तो हरलेला.

कोपरीकर: आमच्या कोपरीतल्या आणि उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या सिंधी कुटुंबांच्या हाती कोणी हद्दपारीचा हुकूम दिला नव्हता, तरी साऱ्या ठाण्याने त्यांना निर्वासितच म्हटले. शेजारच्या आजोबांना मात्र तो शब्द उभ्या आयुष्यात आवडला नाही.

घोडबंदरकर: माझी अडचण वेगळी आहे. जर्मनीने १९७३ मध्ये परदेशी कामगारांची भरती थांबवली आणि पुढे अनेकांना आश्रयाचा अर्ज हीच वाट उरली. म्हणून १९९२ च्या आकड्यात युगोस्लाव्हियातील युद्धातून पळालेले आहेत, तसेच रुमानियातील दारिद्र्य आणि भेदभाव यांना कंटाळून आलेले रोमा, म्हणजे जिप्सी लोकही आहेत. १९९३ च्या घटनादुरुस्तीने सुरक्षित शेजारी देशातून येणाऱ्यांचा हक्क काढून घेतला आणि १९९४ मध्ये अर्ज सुमारे १,२७,००० वर आले. बोस्नियातील युद्ध तर चालूच होते. आलेख छळाइतकाच नियमांमुळेही वरखाली होतो, तेव्हा कारण गृहीत न धरणारा शब्द हवा.

ऐरोली_जुनाजाणता: ‘परागंदा’ घ्या. मूळ फारसी अर्थ ‘विखुरलेला’, आणि त्यात कारणाचा निवाडा नाही.

कोपरीकर: आमच्याकडे परागंदा होतो तो कर्ज बुडवून पळालेला. निवाडा त्यातही आहेच.

नौपाडा_शब्दप्रेमी: शिवाय फारसी कशाला?

ऐरोली_जुनाजाणता: मग वर सर्वांनी वापरलेला ‘अर्ज’ही अरबी आहे. त्याऐवजी ‘आवेदन’ लिहिणार असाल, तर तो निदान ठाण्याच्या कोणत्या कचेरीत चालतो, ते सांगावे.

नौपाडा_शब्दप्रेमी: ‘विनंतीपत्र’ चालते.