कोरियाच्या मधल्या रेषेला ‘सीमा’ म्हणावं का?

प्रश्न
किशोरवयीन मुलांच्या पुस्तकातला कोरियावरचा धडा मराठीत करते आहे. मधल्या रेषेला मी ‘सीमा’ लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ‘सरहद्द’ केलं, आणि ‘विभाजित कुटुंबं’ खोडून ‘विभक्त कुटुंबं’. दोन्हीकडे अडखळायला होतंय. शिवाय जिथे जागोजाग सुरुंग पेरलेत त्या पट्ट्याला ‘निर्लष्करी’ कसं म्हणायचं? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद
ताई, ‘सरहद्द’ नकोच. तो शब्द आला की पलीकडे परका मुलूख आला. शीव, वेस, मेर हे आपले शब्दही कडेचे आहेत. मुंबईची शीव बेटाच्या टोकाला आहे. कोरियात रेघ घराच्या मधून गेली.

दक्षिणेतले लोक तिला ‘ह्युजॉनसॉन’ म्हणतात. ह्युजॉन म्हणजे थांबवलेली लढाई, सॉन म्हणजे रेघ. कोरियन युद्धानंतर २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजॉम या गावी सह्या झाल्या त्या युद्धविरामावर. शांततेचा तह आजतागायत झालेला नाही. म्हणून ‘युद्धविराम रेषा’च लिहा. ‘अडतिसावा अक्षांश’ही टाळा. ती १९४५ची वाटणी. आजची रेषा तिला तिरकी छेदते, त्यामुळे केसाँग शहर अक्षांशाच्या दक्षिणेला असूनही उत्तर कोरियात गेलं.

मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. खुद्द रेषेवर सलग कुंपण नाही. कुंपणं दोन्ही बाजूंना सुमारे दोन-दोन किलोमीटर मागे. रेषेवर आहेत त्या गंजत चाललेल्या पाट्या, आणि पानमुनजॉमला दोन्ही बाजूंच्या बैठकींसाठी असलेल्या निळ्या खोल्यांच्या मधे पाचेक सेंटिमीटर उंचीचा सिमेंटचा पट्टा. आपल्या घराचा उंबरठा याहून उंच असतो.

प्रतिसाद
वरच्यांशी सहमत, आणि थोडी भर. दक्षिण कोरियातून परदेशी निघालात तर त्या क्रियेला ‘छुलगुक’ म्हणतात, म्हणजे देशाबाहेर पडणं. पण रेषेजवळच्या दोरासान नाक्यावरून उत्तरेकडे ये-जा चालू होती तेव्हा तिकडे जाण्याला शब्द होता ‘छुलग्याँग’, हद्दीबाहेर पडणं. ‘देश’ हे अक्षर मुद्दाम काढलंय, कारण दक्षिणेच्या राज्यघटनेनुसार अख्खं द्वीपकल्प हा एकच देश. उलट उत्तरेच्या किम जाँग उन यांनी जानेवारी २०२४मध्ये एकीकरणाची भाषाच घटनेतून काढा म्हणून सांगितलं. दक्षिण आता त्यांच्या लेखी शत्रुराष्ट्र. म्हणजे नुसतं ‘सीमा’ लिहिलं तरी आपण नकळत एका बाजूचे होतो.

‘निर्लष्करी’ हे करारातलं नाव आहे, ते बदलता येणार नाही. ‘क्षेत्र’ऐवजी ‘पट्टा’ लिहा: चार किलोमीटर रुंद, सुमारे अडीचशे किलोमीटर लांब. सुरुंगांचा उल्लेख मात्र त्याच वाक्यात हवा, पुढच्या परिच्छेदात नको. जमलं तर हेही घ्या: १९५३-५४मध्ये या पट्ट्यात युद्धकैद्यांची राखण आपल्या सैन्याने केली, मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्या हाताखाली. कुठल्याच बाजूला परत जायला नकार दिलेले ८८ कैदी पुढे भारतात आले.

प्रतिसाद
‘विभक्त कुटुंब’ ही तर सरळ चूक आहे. मराठीत त्याचा अर्थ एकत्र कुटुंबातून वेगळं राहणारं, नवरा-बायको-मुलांचं घर. तिथे कुणी कुणाला सणाला भेटायचं थांबत नाही. कोरियन शब्द ‘इसान गाजोक’, विखुरलेलं कुटुंब. माझं मत ‘ताटातूट झालेली कुटुंबं’ला. व्युत्पत्तीचा दावा करत नाही, पण माझ्या कानाला त्यात एका ताटात जेवणारी माणसं ऐकू येतात.

१९८३मध्ये दक्षिण कोरियाच्या केबीएस वाहिनीने अशा माणसांना शोधायला कार्यक्रम सुरू केला, तो १३८ दिवस चालला. लोक छातीशी पाट्या धरून उभे: लहानपणीचं नाव, गाव, कुठे चुकामूक झाली ते. दहा हजारांवर कुटुंबं एकमेकांना भेटली, आणि तीही बहुतेक दक्षिणेतल्या दक्षिणेतच. उत्तरेतल्या नातेवाइकांच्या भेटी २००० पासून अधूनमधून झाल्या, शेवटची ऑगस्ट २०१८मध्ये. निघताना म्हातारी माणसं बसच्या काचेला आतून तळहात लावायची, बाहेरचे त्याच जागी आपला हात टेकवायचे. घरी परतल्यावर पत्र नाही, फोन नाही. याला ‘विभाजित’ म्हणवत नाही हो.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य असं करते: ‘युद्धविराम रेषेमुळे लाखो माणसांची आपल्या घरच्यांशी ताटातूट झाली.’ आणि उंबरठ्याची उपमा घेते आहे, परवानगी गृहीत धरून.