बायपासनंतर अण्णांना दिसेनासं झालंय, डॉक्टर म्हणतात पडदा नॉर्मल आहे. कुणाला अनुभव आहे का?

कृष्णाकाठची_लेक
नमस्कार सगळ्यांना. माझे वडील, वय 66, शुगर 18 वर्षांपासून, बीपीची पण गोळी चालू. नऊ दिवसांपूर्वी बायपास झाली, चार ग्राफ्ट (रक्ताला नवी वाट देणाऱ्या रक्तवाहिन्या) टाकले. त्याच रात्री छातीतल्या नळीतून रक्त जास्त येतंय म्हणून परत ओटीत नेलं, हिमोग्लोबिन 7.1 पर्यंत उतरलं होतं, तीन पिशव्या रक्त चढवलं. तिसऱ्या दिवशी घशातली नळी काढल्यावर मी आत गेले तर अण्णांचं पहिलं वाक्य, "लाईट गेलेत का गं?" आयसीयूत लख्ख उजेड होता. सिस्टरना सांगितलं तर म्हणाल्या भुलीचा अंमल आहे, उतरेल. दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर. पाचव्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर आले, औषध घालून तपासलं आणि पडदा नॉर्मल आहे म्हणून सांगून गेले.
आत्ता उजव्या डोळ्याने फक्त उजेड कळतो. डाव्याने वरचं वरचं धूसर दिसतं, खालचं काहीच नाही. जेवायला ताट मांडीवर ठेवलं की म्हणतात ताट कुठंय, मग मी ताट उचलून त्यांच्या तोंडासमोर धरते तेव्हा म्हणतात हां, ही भाकरी. हृदय एकदम छान चाललंय म्हणतात सगळे. पडदा चांगला आहे तर दिसत का नाही? आणि हे परत येईल का? अण्णा रोज सकाळी विचारतात आणि मी रोज हो म्हणते.

नेत्र_सेवक
ताई, मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करतो, तुमच्या अण्णांना तपासलेलं नाही हे लक्षात ठेवून वाचा. ताट वर धरल्यावर दिसतं ही गोष्ट तुम्ही डॉक्टरांना अगदी याच शब्दांत सांगा. नजरेचा खालचा अर्धा भाग आडवा कापल्यासारखा जातो तेव्हा बहुतेक वेळा डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. नस डोळ्याच्या मागे बऱ्याच आत जाते, मार तिथे मागच्या भागात बसला असेल तर सुरुवातीला आतून बघितलं तरी पडदा आणि नसेचं तोंड दोन्ही ठीक दिसतं, नस फिकी पडलेली दिसायला चार-सहा आठवडे जातात. म्हणजे पडदा नॉर्मल हे खरं असू शकतं आणि अण्णांना दिसत नाही हेही खरंच.
त्यांना विचारा, बाहुल्यांवर टॉर्च मारून बघितला का? एका डोळ्यावरून दुसऱ्यावर टॉर्च फिरवतात, नस खराब असेल तर जास्त बिघडलेल्या डोळ्यावर उजेड आला की बाहुली लहान व्हायच्या ऐवजी मोठी होते. मेंदूच्या मागच्या भागात स्ट्रोक झाला असेल तर बाहुल्या व्यवस्थित हलतात पण माणसाला दिसत नाही. पडद्याच्या मुख्य धमनीत गुठळी अडकली असती तर पडदा पांढुरका पडून मधे लाल ठिपका दिसला असता. आणि जोराची डोकेदुखी, एकाचे दोन दिसणं, पापणी पडणं यातलं काही असेल तर आजच्या आज सांगा, मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीत रक्तस्राव झाला तरी नजर जाते आणि त्यावर वेळेत इलाज आहे. मेंदूचा एमआरआय झाला नसेल तर आग्रह धरा.

पंपवाला
मी बायपासच्या वेळी हार्ट-लंग मशिन चालवतो. मशिनवर रक्त आधीच पातळ केलेलं असतं, प्रेशर रोजच्यापेक्षा कमी असतं, त्यात शुगरवाल्या माणसाच्या बारीक रक्तवाहिन्या आधीच आखडलेल्या, आणि वरून रात्री रक्तस्राव होऊन हिमोग्लोबिन सातवर, म्हणजे नसेला पोचणारा ऑक्सिजन सगळ्याच बाजूंनी कमी पडला असणार. कधी महाधमनीला क्लॅम्प लावताना किंवा काढताना आतल्या चुन्याचा, चरबीचा कण सुटून वर जातो, तो पडद्यात नाहीतर मेंदूत अडकतो. फार कमी जणांना होतं हे, अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत हृदयाच्या ऑपरेशननंतर दहा हजारांत आठ-नऊ जणांची नजर गेल्याचं दिसलं होतं, पण ज्याच्या घरी झालं त्याला त्या आकड्याचं काय. मला राग याचा येतो की पेशंट दिसत नाही म्हणतो आणि आम्ही लोक दोन दिवस भुलीवर ढकलतो. दिसत नाही म्हटल्याबरोबर त्याच तासाला बाहुल्या, बीपी, हिमोग्लोबिन बघायला पाहिजे.
सगळे कागद मागून घ्या, भुलीचा चार्ट आणि पंपाचा चार्ट सुद्धा. अर्ज दिल्यापासून 72 तासांत द्यावेत असा मेडिकल कौन्सिलचा 2002 चा नियम आहे. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने बंद करू नका, ग्राफ्ट त्यावर आहेत.

सांगलीची_सून
ताई, तुमचं वाचून पोटात कालवलं. माझ्या सासऱ्यांना व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतर असं झालं होतं, त्यांचा मेंदूच्या मागचा स्ट्रोक निघाला. त्यांचं थोडं परत आलं, तीन महिन्यांत डावी बाजू सोडून बाकी दिसायला लागलं, पण ते मेंदूचं होतं, नसेचं वेगळं असतं म्हणतात, म्हणून आमच्यावरून आशा बांधा असं मी म्हणणार नाही.
एक सांगते. मामंजी रात्री म्हणायचे पलंगाजवळ लहान पोरं उभी आहेत, नवे कपडे घालून. आम्ही घाबरलो, वाटलं डोक्यावर परिणाम झाला, ते पण घाबरून सांगायचेच बंद झाले. नंतर कळलं नजर गेलेल्या माणसाला असं दिसतं, मेंदू रिकामी जागा भरतो, त्याला चार्ल्स बॉनेट म्हणतात आणि ते वेड नाही. अण्णांना तुम्हीच हळूच विचारा, ते आपणहून सांगणार नाहीत.

कृष्णाकाठची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल ताट आणि टॉर्च दोन्हीचं बोलले, दुसरे डॉक्टर आले. उजव्या डोळ्यावर टॉर्च आला की बाहुली मोठी होते, मला पण दाखवलं. एमआरआयमध्ये स्ट्रोक नाही, पिट्यूटरी पण ठीक. नसेच्या मागच्या भागाला रक्त कमी पडलं असं निदान केलंय. स्टिरॉइडबद्दल विचारलं तर म्हणाले फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही आणि तुमच्या वडिलांची शुगर भडकेल, छातीची जखम भरायची आहे. हिमोग्लोबिन आता 9.8 आहे.
आणि सांगलीच्या ताई, विचारलं मी. गप्प बसले, मग म्हणाले, भिंतीवर वेल दिसते गं, पिवळ्या फुलांची, तुला दिसत नाही ना? नाही म्हटलं, पण अण्णा ते डोळ्याचं आहे, डोक्याचं नाही. हात घट्ट धरून ठेवला होता बराच वेळ.

नेत्र_सेवक
मग आता डाव्या डोळ्यात जे आहे ते जपायचं. फील्ड टेस्ट (नजर किती भागात पोचते ते बघणारी) आणि ओसीटी (पडद्याचं आणि नसेचं स्कॅन) करून ठेवा, दीड-दोन महिन्यांनी परत करा म्हणजे तुलना होईल. बीपीच्या गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारा, रात्री प्रेशर फार उतरू नये. नजर स्थिर झाली की यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे सरकारी अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी, सरकारी दवाखान्यात तपासणी होते, तिथे चांगल्या डोळ्याची नजर आणि फील्ड दोन्ही धरतात, म्हणून फील्डचा कागद हरवू नका. घरी उंबऱ्याला आणि पायरीच्या कडेला पिवळी पट्टी मारा, खालचं दिसत नाही म्हणजे पडायची भीती सगळ्यात जास्त. आणि जेवायला ताट पाटावर नको, उंच टेबलावर ठेवा, ताट गडद रंगाचं असू दे, स्टीलच्या ताटात पांढरा भात हरवतो.

कृष्णाकाठची_लेक
टेबल आजच आणायला सांगते भावाला. सकाळी अण्णांनी विचारलं तेव्हा पहिल्यांदाच हो म्हटलं नाही, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. म्हणाले, बरं झालं सांगितलंस, आता मला न्हाणीपर्यंतची पावलं मोजू दे. चौदा आहेत.