न्यूकॅसलचे देणे

‘हेलब्लेझर’ या भयकथांच्या कॉमिक मालिकेतील मांत्रिक नायक जॉन कॉन्स्टंटाईनचा खरा कस लेखक गार्थ एनिसच्या ‘डेंजरस हॅबिट्स’मध्ये, म्हणजे फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कथेत लागतो, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. तेथे तो नरकाच्या तीन अधिपतींना एकमेकांविरुद्ध खेळवून स्वतःचा जीव वाचवतो; ती चलाखी अफलातून आहे, पण जुन्या पापांशी तिचा संबंध थोडाच. त्या पापांचा हिशेब मालिकेचा पहिला लेखक जेमी डेलानो याने १९८८ साली, पहिल्या दोन अंकांतच मांडायला घेतला होता. भुकेचा राक्षस म्नेमॉथ याला कोंडण्यासाठी कॉन्स्टंटाईन आपला व्यसनाधीन जुना मित्र गॅरी लेस्टर याचाच बळी देतो. हे मुळात कोठून सुरू झाले, ते अकराव्या अंकात कळते: इंग्लंडमधील न्यूकॅसल शहरात ॲस्ट्रा या लहान मुलीला वाचवायला, फाजील आत्मविश्वासाने त्याने बोलावलेला नेर्गल हा राक्षसच तिला नरकात ओढून नेतो, आणि कॉन्स्टंटाईनची रवानगी रेव्हन्सकारच्या मनोरुग्णालयात होते. शिवाय या मालिकेत नायकाचे वय आपल्या वयाबरोबर वाढत जाते (सुपरहिरोंना ही शिक्षा सहसा नसते), त्यामुळे मेलेल्या मित्रांची यादी पुसली न जाता लांबतच राहते.