उपाशी पोटीही हा प्रश्न पडतोच

'पोट भरलेल्यांनाच आयुष्याच्या अर्थाचा प्रश्न पडतो' हे मत अनेकदा ऐकू येतं, पण मला ते पटत नाही. माझी आजी निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती. थोरला मुलगा गेला तेव्हा घरात धड ज्वारीही नव्हती, तरी ती विचारायची, "मग मी कशाला मागं राहिले?" व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल 1942 ते 1945 नाझी छावण्यांत होते. तिथल्या भुकेतही त्यांना माणसं जगण्याचं कारण शोधताना दिसली. आपण मरणार हे माणसाला आधीच ठाऊक असतं, आणि 'असं झालं नसतं तर' हेही तो मनात रंगवू शकतो. मला वाटतं, प्रश्न इथूनच येतो. आजी आठवड्याभरात पुन्हा वखारीत गेली. पण संध्याकाळी उंबऱ्यावर बसली की तेच विचारायची.