पोर्ट वळवले, तरी फायरवॉल पॅकेट अडवते

प्रश्न (जालना): आमच्या बियाणे गोदामातील लिनक्स राउटरवर आयपीटेबल्स (लिनक्सची फायरवॉल) वापरून ८०८० या पोर्टवर येणारी जोडणी आतल्या १९२.१६८.१.५० या सर्व्हरच्या ८० क्रमांकाच्या पोर्टकडे वळवली आहे. फॉरवर्ड साखळीचे (राउटरमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटांसाठीच्या नियमांच्या यादीचे) मूळ धोरण ड्रॉप (अडवणे) असून तिथे ८०८० ला परवानगी दिली आहे, तरीही परभणीच्या शाखेत साठ्याची नोंद उघडत नाही. धोरण अ‍ॅक्सेप्ट (सर्वांना जाऊ देणे) केले की लगेच उघडते; पण राउटर असा मोकळा ठेवणे मला मान्य नाही.

उत्तर (नांदेड): म्हणजे पत्ता बरोबर बदलतो आहे आणि दोष फॉरवर्डच्या नियमातच आहे. डीनॅट (गंतव्य पत्ता व पोर्ट बदलणे) प्रीराउटिंगमध्ये (मार्ग ठरण्याआधीच्या टप्प्यात) होते, त्यामुळे पॅकेट फॉरवर्डपर्यंत पोहोचते तेव्हा त्यावर १९२.१६८.१.५० आणि पोर्ट ८० असेच लिहिलेले असते. ८०८० तिथे दिसतच नाही. परवानगी आतल्या पत्त्याला व ८० ला द्यावी. परतीच्या पॅकेटांसाठी एस्टॅब्लिश्ड (आधीच जुळलेली जोडणी) आणि रिलेटेड (तिच्याशी संबंधित जोडणी) स्थितींना मुभा हवीच.

उत्तर (लातूर): सहमत. नियम वरून खाली तपासले जातात, म्हणून नवा नियम कोणत्याही ड्रॉप नियमाच्या वर असावा. पडताळणीसाठी फॉरवर्डमधील त्या नियमापुढची पॅकेटसंख्या पाहावी. नॅट तक्त्यातील (पत्ते बदलणाऱ्या नियमांच्या तक्त्यातील) आकडा फसवा ठरतो, कारण प्रत्येक जोडणीचे फक्त पहिले पॅकेट त्यातून जाते.

प्रश्नकर्ता: ८०८० च्या जागी ८० लिहिताच परभणीत नोंद उघडली. मनापासून आभार. आता केवळ त्याच शाखेला प्रवेश देता येईल का?

उत्तर (नांदेड): शाखेचा सार्वजनिक पत्ता स्थिर असल्यास अवश्य. डीनॅट फक्त गंतव्य बदलते, त्यामुळे फॉरवर्डच्या त्याच नियमात स्रोत म्हणून तो पत्ता घालावा.